अंगणातलं गलबत

पाण्यावर जीव टाकणारा माणूस बघायचा असेल तर त्याला समुद्रकाठी शोधू नये, धुळ्यात शोधावा. आणि धुळ्यातही पांझरेच्या अलीकडे नाही, पलीकडे देवपुरात, आमच्या घरमालकांच्या अंगणात. मी समुद्रकाठची आहे. वडील मासेमारी करायचे, भरतीचं पाणी आमच्या मागच्या पायरीला लागायचं. पण पाण्याकडे देवाकडे बघावं तसं बघणारा माणूस मी आमच्या अख्ख्या बंदरात पाहिला नव्हता. सगळं देवपूर ज्यांना नाना म्हणतं ते आमचे घरमालक पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. धरणाच्या पट्टीवर काल पाणी किती होतं, आज किती आहे, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. रोज सकाळी गच्चीवरच्या टाकीत काठी बुडवून ते पाणी मोजतात आणि जिन्याच्या भिंतीवर खडूने आकडा लिहितात. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल हे नळालाही ठाऊक नसतं, त्यामुळे त्या आकड्याला मान आहे. पाहुण्याने पेल्यात पाणी उरवलं तर नाना फक्त पेल्याकडे बघत राहतात. पुढच्या खेपेला पाहुणा दारातूनच सांगतो, "अर्धाच द्या."

मी इथे लग्न होऊन आले. शाळा आठवीतच सुटलेली. ह्यांना नरडाण्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही नानांच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला आलो. इथली बोली कानावरून जायची, कळायची नाही. पहिल्याच दिवशी नानांच्या बायको, म्हणजे आमच्या अक्का, जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, "जेवन व्हयनं का वं पोरी?" मला एकदम रडू आलं. प्रश्न कळला नव्हता, विचारणारीचा चेहरा कळला होता. महिन्याभराने अक्कांनी आपली पायाची शिलाई मशीन दोन माणसं लावून माझ्या खोलीत चढवली. "माले आते पाय मारता येत नही. तू चालव. पडी राहिनी तं गंजी जाई," एवढंच बोलून त्या खाली गेल्या. आज देवपुरात मला चार बाया ब्लाऊजवाली म्हणून ओळखतात, ते त्या मशीनमुळे. नाहीतर मी घराबाहेर पडायलाही घाबरणारी बाई. अजूनही थोडी घाबरतेच.

तर नानांनी निवृत्तीनंतर अंगणात होडी बांधायला घेतली. कारण विचारलं की म्हणायचे, "जन्मभर अडवलेलं पाणी पाहिलं. आता दोघं मिळून मोकळं पाहू." अक्कांनी तोवर समुद्र पाहिलेलाच नव्हता. शिंदखेड्याकडचं त्यांचं माहेर, तिथे विहिरीच्या तळाला पोहऱ्याचा आवाज आला की बायका खूश व्हायच्या. नानांनी मोबाईलवर बघून बघून कागदावर होडी काढली, दारं-खिडक्या करणारा एक सुतार पटवला आणि कामाला लागले. गल्लीतले लोक तिला गलबत म्हणायला लागले. येता-जाता कोणी ना कोणी फाटकावर थांबायचं.

"काय नाना, पांझरेला पूर यायची वाट पाहताय का?"

"पूर आला की पहिले तुम्हीच चढाल. तुमचं नाव मी लिहून ठेवलंय," नाना मान वर न करता म्हणायचे.

होडी तयार झाली तेव्हा खरा प्रश्न आला. ती गळते की नाही, हे बघायचं कुठे? पांझरेत पाणी नाही, आणि घरात तरंगवायचं तर हौदही नाही. नानांनी दोन दिवस विचार केला आणि टँकर बोलावला. टँकरवाल्याने पाइप टाकीकडे ओढला तर नाना म्हणाले, "तिकडे नाही, इकडे," आणि होडीच आतून काठोकाठ भरून घेतली. "बाहेरचं पाणी आत येतं का हे कळत नसेल, तर आतलं बाहेर जातं का ते पाहू. भोक तेच असतं." होडी तीन ठिकाणी गळली. नानांनी खडूने तिन्ही जागी गोल काढले. पण तेवढं पाणी आता वाया कसं जाऊ द्यायचं? अक्कांनी घरातल्या सगळ्या गोधड्या आणल्या, पदर खोचला आणि होडीत उतरून गोधड्या तुडवायला लागल्या. मग शेजारणी बादल्या घेऊन आल्या. त्या गलबतात सगळ्यांत आधी बसली असेल तर ती अर्ध्या गल्लीची मळकी चादर.

शिडाची पाळी आली आणि नाना जिना चढून वर आले. नाना ऑफिसात राहिलेले, माझ्याशी शुद्ध बोलतात. म्हणाले, "पोरी, शीड तुला शिवायचंय. तू समुद्राची लेक."

"नाना, आमच्या होडीला इंजिन होतं. शीड आजोबांच्या वेळी होतं म्हणे. मी नुसतं ऐकलंय."

"म्हणजे रक्तात आहे."

"मी ब्लाऊज शिवते हो."

"मग? ब्लाऊज अंगाला बसवायचा, शीड वाऱ्याला बसवायचं. मापं तेवढी वेगळी."

मुंबईहून जाड पांढरं कापड आलं. गच्चीवर पसरलं तर गच्ची पुरेना. उन्हं चढायच्या आत, पहाटेच उठून मी त्यावर खडूच्या रेघा मारल्या. जाड सुया लावल्या तरी सात मोडल्या. नाना कापडाचं टोक धरून बसायचे, मी पाय मारायची. ब्लाऊजची शिवण उसवली तर बाई पदर ओढून घेते. भर समुद्रात शिडाची शिवण उसवली तर ही दोन म्हातारी माणसं काय ओढून घेणार? मी प्रत्येक शिवणीवर तीन-तीनदा मशीन मारली. तरी झोप नाही. ह्यांना म्हटलं तर हे म्हणाले, "तू नको शिवू मग." पण ज्यांनी मशीन दिली त्यांना नाही कसं म्हणायचं?

मार्चमध्ये नाना किनाऱ्यावर जाऊन पंधरा दिवस एका जुन्या तांडेलाकडे, म्हणजे होडी हाकणाऱ्याकडे राहिले, शीड चढवणं-उतरवणं शिकून आले. एप्रिलमध्ये रावेरकडच्या त्यांच्या मित्राचा केळीचा ट्रक आला. केळीच्या सुक्या पानांवर गलबत निजवलं आणि फाटकाचा एक खांब पाडून बाहेर काढलं. फाटकाची रुंदी तेवढी नाना मोजायला विसरले होते. अक्कांनी साडीवर पाण्यात तरंगायचं नारंगी जाकीट घालून सगळ्या गल्लीला दाखवलं. बेत असा होता की रायगडच्या किनाऱ्यावरून निघायचं, काठाकाठाने सकाळी तेवढं जायचं, दुपारी एखाद्या खाडीत थांबायचं, आणि असं करत करत खाली रत्नागिरीकडे माझ्या माहेरच्या खाडीला लागायचं. माझ्या वडिलांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, "काय गो, तुझे म्हातारे वेडे की काय? खाली येताना वारा पाठीमागून ढकलील. परत जाताना तोंडावर मारील, तेव्हा ट्रकनेच जा म्हणावं." नानांनी हे वहीत लिहून घेतलं.

मग रोज संध्याकाळी फोन. पहिल्या दिवशी अक्का घाबऱ्याघुबऱ्या, "पोरी, इतलं पानी! अन् प्यावाले थेंब नही. असं पानी काय कामनं वं?" दुसऱ्या दिवशी सूर बदलला. "आज भांडा तीनदा धुयात. कोनी काही बोलनं नही." लहान मुलीने चोरून चिंच खाल्ल्यासारखा आवाज होता. नानांनी एका खाडीत काठी रोवली आणि दर अर्ध्या तासाने पाणी मोजलं. सहा तासांत पुरुषभर पाणी गायब! शेवटी न राहवून त्यांनी जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "हे पाणी कोणाच्या हुकमाने सोडतात?"

"चंद्राच्या," म्हातारा म्हणाला.

"असा साहेब आम्हाला कधी मिळाला नाही," नाना मला फोनवर सांगत होते. "वेळ चुकत नाही, आणि बदलीही होत नाही." आणि प्रत्येक फोनच्या शेवटी, मी न विचारता, "तुझा टाका न् टाका जागेवर आहे, पोरी."

आठव्या दिवशी फोन आला नाही. मी लावला तर लागेना. हे म्हणाले, रेंज नसेल. मला मात्र शिडाच्या तिसऱ्या पट्टीची शिवण दिसायला लागली. तिथे मधेच दोरा संपला होता आणि मी नवा जोडून तशीच पुढे गेले होते. वरून तीनदा मशीन मारली होती, पण तो जोड मला ठाऊक होता. रात्र कशी गेली ते लिहीत नाही. सकाळी वडिलांना फोन केला, ते बंदरावर विचारायला गेले. मी अक्कांच्या मशीनसमोर बसून राहिले, पाय मारवेना. दुपारी फोन वाजला. नाना. आवाज बसलेला. "रेंज नव्हती गं. वारा जरा जास्त होता, म्हणून लवकर थांबलो. आम्ही मजेत आहोत." आणि शेवटी, "टाका न् टाका जागेवर आहे." मागून अक्कांचा आवाज आला, "तिले सांग, जेवी ले म्हना."

बाराव्या दिवशी वडिलांचा फोन. "आले गो तुझे म्हातारे. म्हातारी होडीतून उतरायला तयार नाही." चार दिवस दोघं माझ्या आईकडे राहिले. आईने अक्कांना तिसऱ्या दिवशी माशांचं कालवण खाल्लं का विचारलं, तर अक्का म्हणाल्या, रस्सा चांगला होता, तुकडे तुम्ही घ्या. मग गलबत ट्रकवर चढलं आणि देवपूरला परत आलं.

शीड धुवायला माझ्याकडे आलं. मीठ जायला गोडं पाणी लागतं. नानांनी तीन बादल्या मंजूर केल्या. गच्चीवर मी ते पसरलं आणि हात फिरवत फिरवत तिसऱ्या पट्टीवर आले. तिथे माझी शिवण नव्हतीच. दोन हात लांब उसवली होती, आणि त्यावर जाड दोऱ्याचे हाताचे टाके होते, लांबट, एकाला एक लागून, जरा तिरके. गोधडीचे टाके. ते कोणाचे हे मला विचारायला नको होतं, मी त्या गोधड्या पांघरून थंडी काढली आहे.

मी तिथेच बसले. अक्कांना सुईचं नेढं दिसत नाही. दुपारी त्या माझ्याकडून दोरा ओवून घेऊन जातात. म्हणजे त्या वाऱ्यात, त्या हलत्या होडीत, दोरा नानांनी ओवला असणार, ज्यांचा हात चहाची बशी धरतानाही थरथरतो. किती वेळ लागला असेल? किती वेळा सुई निसटली असेल? आणि शिवून झाल्यावर त्या दोघांनी बसून ठरवलं असेल की पोरीला काय सांगायचं.

"काय बशी राहिनी वं?" अक्का जिन्यातून डोकावल्या.

"काही नाही, अक्का. मीठ फार आहे."

मी त्या टाक्यांच्या दोन्ही बाजूंनी मशीन मारली, चांगली घट्ट. मधले टाके उसवले नाहीत. नानांना काही बोलले नाही, आणि नानांनी फाटकाचा खांब पुन्हा बांधताना मला हाक मारून टेप धरायला लावला.

यंदा एप्रिलमध्ये दोघं पुन्हा गेले. नानांचा गुडघा दुखतो, अक्का जिना चढून वर येणं आताशा टाळतात, पण ट्रक आला तेव्हा दोघंही सकाळपासून तयार होऊन ओट्यावर बसले होते. मी एका कापडाच्या तुकड्यात दहा जाड सुया टोचल्या, दहाही ओवलेल्या, आणि तो तुकडा अक्कांच्या पिशवीत, औषधांच्या डबीखाली ठेवला. अक्कांनी पिशवीत हात घातला, तो तुकडा चाचपला, आणि माझ्याकडे न बघता चेन लावून घेतली.

आज सहावा दिवस आहे. अजून संध्याकाळ व्हायची आहे.