पहिल्यासारखं होईल का, मॅडम?

डोक्याला मार लागलेल्या माणसांकडे एवढे किस्से कसे साठतात? सोपं आहे. आम्हाला रोजचं सगळं वहीत लिहून ठेवायला सांगितलंय! मुरुडच्या रस्त्यावर मी गाडीवरून पडलो, हेल्मेट घरी खुंटीला. तेव्हापासून दर मंगळवारी लातूरच्या एका थेरपी सेंटरच्या बाकावर बसतो. आमच्या थेरपिस्ट वाघमारे मॅडम, मूळच्या मुदखेडच्या. नवा पेशंट पहिल्या दिवशी हमखास विचारतो, "पहिल्यासारखं होईल का?"

"सुधारणा होईल. किती, ते बघू." मॅडम एक शब्द जास्तीचा देत नाहीत!

*

मुलानं मोबाईलवर मेंदूच्या व्यायामाचा गेम टाकून दिला. महिनाभरात मी चाळिसाव्या लेव्हलला! ऐटीत मॅडमना दाखवायला गेलो.

"अभिनंदन. चष्मा कुठाय?"

चष्मा रिक्षात राहिला होता.

"गेम खेळून गेम चांगला येतो, काका. चष्मा सांभाळायचा सराव वेगळा."

त्या दिवसापासून चष्म्याला दोरी आहे.

*

देवणीचे बापूराव गायीवाले. गोठ्यात पाय घसरून डोकं आपटलेलं, दोन ओळी वाचल्या की गरगरायचं. ते बरं व्हायच्या तारखेवर अडून बसले.

"गाभण गायीची तारीख आम्ही सांगतो. तुम्हाला डोक्याची सांगता येईना?"

"दूध किती देईल, तेही आधीच सांगता?"

"न्हाई, ते बघावं लागतंय."

"मग बघू!"

*

आता शोभाकाकू. मुलींची मेस चालवायच्या, चाळीस ताटं एकटीच्या जिवावर. मेसचं शटर डोक्यात बसलं आणि मेस बंद पडली. आता काही लक्षात राहीना, आवाज सहन होईना. काकूंना एकच ध्यास, मेस परत सुरू करायची.

मॅडमनी त्यांना पहिल्याच दिवशी सेंटरच्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी नेलं. "तीन कप चहा करा."

काकू रडायलाच लागल्या. "चाळीस पोरींचं करणारी मी, अन् मला च्या शिकवून राहिल्या व्हय!"

पण केला. मॅडमनी घोट घेतला. "दूध छान उकळलंय. चहा पावडर राहिली."

रडता रडता काकू खदखदून हसल्या. पुढच्या मंगळवारी काय काय टाकायचं त्याची यादी स्वतःच लिहून आणली, टाकलं की पुढे खूण करायची. काकूंपुढे हात जोडावेत!

*

तीन महिन्यांनी मॅडम म्हणाल्या, "आठ ताटांपासून सुरू करा. दमलात की थांबायचं." त्या आठांत मॅडम, मी, बापूराव आणि मेसच्या पाच जुन्या मुली. भिंतीवर काकूंची यादी.

पहिला घास घेतला. वरणात मीठच नव्हतं!

"काकू, एकदम पहिल्यासारखं!" मुली एका सुरात म्हणाल्या. बापूराव म्हणाले, "लई झ्याक." मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू!

मॅडम म्हणाल्या, "मीठ नाही."

काकूंनी चव घेतली, भिंतीकडं पाहिलं. यादीत मिठापुढची खूण राहिली होती. त्या आत गेल्या, वरणात मीठ घालून ढवळलं, खूण केली आणि मॅडमच्या ताटात परत वाढलं.

"आता सांगा. पहिल्यासारखं हाय का?"

मॅडमनी सावकाश घास खाल्ला. "मीठ बरोबर आहे. पण पहिल्यासारखं कसं सांगू? तुमच्या हातचं मी आजच जेवतेय."

काकू पदरानं हात पुसून म्हणाल्या,

"मग उद्या या. आजच्यासारखं हाय का, ते सांगा!"