टाकीचा चौथा पाय

अणुवीज केंद्रातल्या जुन्या इमारतींचं काँक्रीट तपासणं हे माझं काम. अणुभट्टीभोवतीची भिंत काही बदलता येत नाही. ती किती थकली आहे आणि अजून किती वर्षं उभी राहील, एवढंच आम्ही सांगायचं. यंत्रं आहेत, पण आधी हातोडी. भिंत धड असेल तर आवाज टणक येतो. आतली सळई गंजून फुगली, काँक्रीट सुटलं, की भद्द. तो आवाज एकदा कानात बसला की जात नाही. सुट्टीवरही तो माझ्यासोबत यायचा.

धामणगाव बढ्याच्या पलीकडे आमचं गाव. तिथे पाण्याच्या उंच टाकीला लागूनच माझ्या विधवा आत्याचं घर. एका दुपारी तिच्याकडे चहा पिता पिता टाकीच्या एका खांबावरची तपकिरी भेग दिसली. मी हातोडी आणून ठोकलं. भद्द.

"काऊन बे, टाकीले काऊन बडवून राह्यला?" आत्या दारातून ओरडली.

"आत्या, हा खांब आतून सुटला. तू आमच्याकडे चल."

"तुले तं आता सगळंच पोकळ ऐकू येते. तीस वर्षं झोपली मी हिच्याखाली."

मी हातोडी तिच्या हातात दिली. तिने पहिला खांब ठोकला, दुसरा, तिसरा. चौथ्यावर हात थांबला. तिने पुन्हा ठोकलं, हळूच, झोपलेल्या माणसाला हात लावावा तसं.

"हे काय बोलून राह्यलं रे?" तिने विचारलं. मग उत्तराची वाट न बघता ती आत गेली आणि फळीवरची भांडी उतरवायला लागली.

मी सरपंचांना गाठलं. त्यांनीही येऊन ठोकून पाहिलं. टाकी रिकामी झाली, तालुक्याहून माणसं आली, उन्हाळ्यात ती पाडली. चौथ्या खांबाचं काँक्रीट हातानं निघत होतं. आतल्या सळया बोरूएवढ्या राहिल्या होत्या. मी मोजमाप करायचं सोडून नुसता बघत राहिलो. यांच्यावर पाणी उभं होतं, आणि पाण्याखाली माझी आत्या.

ती आता आमच्या घरी असते. पहाटे पाणी चढताना टाकी घुमायची, त्या आवाजाने तिला जाग यायची. अजूनही त्याच वेळी ती उठून बसते.

"भरून राह्यली का रे?" तिने परवा मला विचारलं.

"टाकी नाही आता, आत्या."

"हाव. ठाऊक आहे मले."

टाकीची जागा मोकळी आहे. पण बाया अजून तिला वळसा घालूनच जातात. परवा मीही वळसा घातला, आणि पलीकडे गेल्यावर मान वर करून पाहिलं.