संघ हरत होता तोवर

आमच्या शहराचा फुटबॉलचा संघ वर्षानुवर्षं हरत होता, तोवर माझं बरं चाललं होतं. हे वाचून कुणाला राग आला तर येऊ दे. टोरांटोत मी तेव्हा काही नवा नव्हतो. किचनची कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात सुतार होतो. सोमवारी सकाळी माणसं ज्या तोंडाने कामावर यायची त्यावरूनच कळायचं, काल पुन्हा हरले. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू काखेत धरून पळायचं आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवं पाडायचं. डोक्याला हेल्मेट, खांद्यांना गाद्या. मला त्यात रस नव्हता, आजही नाही. माझा त्याच्याशी संबंध आला तो माझ्या आईमुळे.

आई गेली भर हिवाळ्यात, तिकडे अलिबागजवळच्या आमच्या गावी. तार घरी आली, बायकोने कारखान्यात फोन केला. मी फोन ठेवला, हातातला ड्रॉवर पुरा केला आणि मग घरी गेलो. रडलो नाही. इथल्या थंडीत बोटं बधिर होतात, समोर दिसतात पण आपली वाटत नाहीत, तसं आतून झालं होतं. ते लवकर गेलंही नाही.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आमचे वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. आमच्यात आई किंवा बाप गेला की मुलाने अकरा महिने कद्दिश म्हणायचं असतं. ही प्रार्थना एकट्याने म्हणून चालत नाही. दहा ज्यू पुरुष हजर लागतात, त्यांनी आमेन म्हणायचं. नऊच असले तर तोंड मिटून घरी जायचं. मी इकडे यायला निघालो तेव्हा आईने बजावलं होतं, "भाड्याचा माणूस लावू नकोस हो. तुझ्या तोंडाने म्हण."

आमच्या घरापासून चालत जाता येईल इतकी जवळ गोऱ्या ज्यूंची एक मशीद होती. सिनेगॉगला आम्ही आधीपासून मशीदच म्हणत आलो. तिथे दहाच काय, रोज पंचवीस माणसं असायची. पण इथे आल्या आल्या एकदा मी तिथे गेलो होतो, तेव्हा दारातल्या गृहस्थाने मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, तुम्ही ज्यू कधी झालात? मी म्हटलं, तुम्ही कधी झालात ते आधी सांगा. आणि घरी आलो. तिथे पुन्हा पाय ठेवला नाही.

बायको म्हणायची, "अहो, कद्दिश सासूबाईंसाठी आहे, तुमच्या नाकासाठी नाही."

मी म्हणायचो, "त्यांच्याकडे हात पसरून म्हटलेलं कद्दिश आईला आवडणार नाही."

"त्यांनी सांगितलं वाटतं तुम्हाला तसं."

तर मग आपलीच माणसं गोळा करायची. तेव्हा टोरांटोत आमची घरं होती मोजकी, तीही चारी दिशांना. शनिवारी निम्म्यांची शिफ्ट असायची. म्हणून रविवारी दुपारी माझ्या मेहुण्याच्या बेसमेंटमध्ये जमायचं ठरलं. कद्दिश खरं तर रोजचं असतं. आम्हाला आठवड्यातून एकदाच जमलं. हझ्झानकाका प्रार्थना चालवायचे. गावाकडे त्यांनी मशिदीत उभं आयुष्य काढलं होतं आणि म्हातारपणी मुलाकडे राहायला आले होते. मी चौथी शिकलेला, हिब्रू अक्षर कसंबसं लागतं. कद्दिश मराठी अक्षरांत छापलेलं होतं, त्यावर बोट ठेवून म्हणायचो. हिवाळाभर आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत माणसं आली. दुसरं करायचं काय होतं त्यांना रविवारी? संघ तर हरतच होता.

मग मोसम सुरू झाला आणि संघ जिंकायला लागला.

पहिले एकदोन सामने कुणी मनावर घेतले नाहीत. मेहुणा म्हणाला, "दाजी, काळजी नको. ऑगस्टपर्यंत आपटतील. दरवर्षीचं आहे." ऑगस्ट आला, आपटले नाहीत. अमेरिकेतून आणलेला कुणी नवा गडी चेंडू फेकायचा तो बरोबर पळणाऱ्याच्या हातात पडायचा म्हणे. कारखान्यात सोमवारी लोक शीळ घालत येऊ लागले. आणि माझी माणसं गळू लागली. एकाने तिकीट काढलं. दुसऱ्याचा भाऊ ओटावाहून सामन्यासाठी आला. तिसऱ्याला एकाएकी पाठदुखी लागली, आणि त्याच संध्याकाळी तो घसा बसलेल्या आवाजात फोनवर बोलला.

सामना नसेल त्या रविवारी दहा भरायचे. सामना असला की सात, कधी आठ. आम्ही टोप्या घालून बसायचो, वाट बघायचो, मेहुणा वर जाऊन स्कोअर बघून यायचा, मग काका पुस्तक मिटायचे. मी पिशवी उचलून घरी. बायको दारात विचारायची, "झालं?" मी मान हलवायचो. मला वाईट वाटत होतं का? ते बायको सांगेल. मला फक्त एवढं ठाऊक की जेवण पुढ्यात आलं की जेवत होतो, आणि रात्री रेडिओवर बातम्या लागल्या की हा संघ हरलाय का तेवढं ऐकत होतो. जिंकला म्हटलं की बंद.

मेहुण्याने एकदा मला खेळ समजावून सांगायचा खटाटोप केला. "हे बघा दाजी, तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. दहा झाले की पुन्हा तीन प्रयत्न. नाही झाले की चेंडू दुसऱ्याला."

"आणि दहाला एक कमी पडला तर?"

"तर गेला. वाया." मग स्वतःच हसला. "तुमच्यासारखंच की. तुम्हाला दहा माणसं, त्यांना दहा यार्ड."

मी हसलो नाही. तो वाईट माणूस नाही. तोंडाळ आहे.

नोव्हेंबरात अकरा महिने भरत आले. त्यातला शेवटचा दिवस रविवार आला, आणि त्याच दुपारी नेमका तो सामना, जिंकला तर संघ अंतिम सामन्यात. मेहुणा शुक्रवारी घरी आला, बूट न काढता दारातच उभा राहिला.

"दाजी, मी सगळ्यांना माझ्याकडे मॅचला बोलावतो. चिकन करी, भात, सगळं. हाफ टाइमला टीव्ही बंद करू, मिनहा म्हणू, तुमचं कद्दिश होईल. मॅच सोडून या म्हटलं तर कुणी येणार नाही. मॅचला या म्हटलं तर सगळे येतील."

मिनहा म्हणजे दुपारची प्रार्थना, सूर्य बुडायच्या आत म्हणायची. आईचं शेवटचं कद्दिश खेळाच्या मधल्या सुट्टीत, हे मला पटलं नाही. पण बायको मेहुण्याच्या मागून माझ्याकडे जे बघत होती त्यापुढे माझं काही चालेना. "बघू," म्हणालो.

रविवारी बेसमेंट भरलं. एरवीचा पाठदुखीवाला पहिला हजर. एक तरणासा माणूस मला नवा होता, मार्कहॅमला राहणारा, मेहुण्याच्या कंपनीत इंजिनियर. आडनाव आमच्यासारखंच, गावाच्या नावावरून पडलेलं. बोलणं अस्सल कोकणातलं. मला काका म्हणाला, उठून जागा दिली. मुरुडकडचे आमचे बरेच आहेत, त्यातलाच असेल, असं मी धरून चाललो. काकांनीही तेच धरलं.

हाफ टाइम झाला, टीव्ही बंद झाला. आपला संघ मागे होता, त्यामुळे सगळ्यांची तोंडं सुतक असल्यासारखीच होती, ते बरंच झालं. माणसं आकड्याने मोजायची नाहीत असा आमचा रिवाज, म्हणून काका दहा शब्दांचं एक वचन म्हणत एकेकाकडे बोट करत गेले. शेवटचा शब्द त्या इंजिनियरवर पडला. मेहुण्याने घसा खाकरला. इंजिनियरने खिशातला रुमाल डोक्यावर घेतला, हात जोडून उभा राहिला. मी कद्दिश म्हटलं. आमेन झालं. टीव्ही लागला.

मी मागे खुर्चीवर बसलो. इंजिनियर माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, आईंचा फोटो कुठे ठेवलाय? नमस्कार करतो."

आमच्यात फोटोला हार, नमस्कार काही नसतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो गोंधळला. "म्हणजे, पूजा आत्ताच झाली ना, म्हणून."

काकांनी ऐकलं. ते उठले आणि स्वतःच्या हाताने टीव्ही बंद केला. कुणीतरी मागून "अहो काका, थर्ड डाउन आहे, शेवटचा प्रयत्न" म्हणालं ते त्यांनी ऐकलं नाही. मेहुण्याकडे बघत उभे राहिले.

"हा आपल्यातला नाही, हे तुला माहीत होतं?"

मेहुणा गालिच्याकडे बघत होता. "एक माणूस आला नाही, काका. ऐन वेळी. म्हटलं, शेवटचा दिवस आहे. दाजींचं एकदाचं होऊन जाऊ दे."

"होऊन गेलं का ते?"



इंजिनियर उभाच होता, रुमाल हातात चुरगळत. "मी जाऊ का? माझ्यामुळे काही..."

"बस रे बाबा," काका म्हणाले. "तुझा काय दोष. चहा घे."

सगळे आता माझ्याकडे बघत होते. मी काय बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती ते मला ठाऊक नाही. मी एवढंच विचारलं, "आला नाही तो कोण?"

तो मेहुण्याचा चुलतभाऊ होता, बस चालवणारा, वीसेक मिनिटांवर राहायचा. "तुझा टीव्ही लहान आहे" म्हणून आला नव्हता. मेहुण्याने जिन्यावरचा फोन फिरवला. आम्हाला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं. "अरे, कद्दिश राहिलंय... नाही, मॅच संपल्यावर नाही, सूर्य बुडतो... माझी चूक आहे, हो, शिव्या नंतर दे... गाडीत रेडिओ आहे ना तुझ्या?"

तो निघाला. काकांनी टीव्ही पुन्हा लावू दिला. मी कोट घालून वर ड्राइव्हवेवर जाऊन उभा राहिलो. समोरच्या घरांच्या मागे सूर्य गेला होता. जमिनीखाली गेला की नुसता छपराआड, ते तिथून दिसत नाही. समोरच्या छपरांच्या कडा अजून पिवळ्या होत्या. खालून ओरडा यायचा, मग शांत, मग पुन्हा ओरडा. बायको दाराच्या काचेतून बघून गेली. बोलावलं नाही तिने.

गाडी आली. ड्राइव्हवेवर थांबली, इंजिन बंद झालं, पण तो उतरेना. आत बसून स्टीअरिंग धरून रेडिओकडे वाकून ऐकत होता. मी गाडीशेजारी उभा. मध्ये फक्त काच. त्याने मला पाहिलं, एक बोट वर केलं, एक मिनिट. काच ठोकायला हात वर करायचा होता, इतकंच. मी केला नाही. ज्याला यायचं त्याने आपल्या पायाने यावं. आईसाठी का असेना, कुणाचं दार मी ठोठावत नाही. छपरांवरचा पिवळा रंग गेला, आकाश राखाडी राहिलं, आणि ते मिनिट काही संपेना.

मग खालून घर हादरावं असा गलका झाला आणि गाडीचं दार उघडलं. "जिंकलो, दाजी. शेवटच्या किकवर." त्याचे डोळे भरले होते. मला मिठी मारली. मी म्हणालो, "खाली चल."

हझ्झानकाका जिन्याच्या तोंडाशी येऊन आकाश बघत होते. बराच वेळ बघितलं. मी विचारलं नाही. ते म्हणाले, "या उजेडात मला पुस्तकातलं अक्षर अजून दिसतंय. चला."

पुन्हा वचन म्हटलं गेलं, पुन्हा बोट फिरलं. इंजिनियर या वेळी भिंतीला टेकून मागे उभा राहिला, रुमाल डोक्यावर. बाहेर रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते, आणि माझ्या समोरचे घामेजलेले, घसा बसलेले पुरुष आमेन म्हणताना हसू दाबत होते. मी बोट ठेवून एकेक शब्द म्हटला. काही चुकलं नाही. मनात आईचं तोंड आणायचं ठरवलं होतं, आलं नाही. शेवटी रिवाजाप्रमाणे तीन पावलं मागे गेलो, पुस्तक मिटलं. काकांनी खांद्यावर हात ठेवला. बायकोने वरून विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं."

वेळेत झालं की नाही, ते मी त्या म्हाताऱ्याला कधी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. आता तोही गेला.

पुढच्या रविवारी अंतिम सामना होता. मेहुण्याने बोलावलं. मी गेलो. तीच माणसं, तीच चिकन करी. मला आता त्यांच्यातल्या कुणाचीच गरज नव्हती, आठ असोत की वीस. कुणी टीव्ही बंद करणार नव्हतं. मी पहिल्यांदाच पूर्ण सामना बघितला, इंजिनियरच्या शेजारी बसून. आपला संघ जिंकला, सगळे उठले, मीही उठलो. मग सगळे बसले, आणि मी तसाच उभा राहिलो, कारण इतके महिने रविवारी या वेळी मी कद्दिशला उभा असायचो. मेहुण्याची बायको म्हणाली, "भाऊजी, बसा ना." मग बसलो.

घरी आल्यावर बायकोने ताट वाढलं. जेवलो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळे शीळ घालत होते.