साज चढला की उभी राहायचं

आमच्या घोडीवर पहिला आरोप माझ्या सासूनं ठेवला, तो असा की ती रवंथ करत नाही.

सासू पोंभुर्ण्याकडच्या शेतकरी घरातली. जन्मभर गाई-बैलांत वाढलेली. घोडी आली त्या दिवशी तिच्यासमोर बाज टाकून बसली ती संध्याकाळपर्यंत बसली, आणि नवरा ड्यूटीवरून आल्याबरोबर म्हणाली, "बिमार जनावर आणलं तू. खाऊन राह्यलं, पण चघळून नाई राह्यलं." घोडं रवंथ करतच नाही, हे तिच्या गळी उतरवता उतरवता आमच्या नाकी नऊ आले.

नवरा खाणीत डंपर चालवतो. लहानपणापासून त्याला घोड्याचं वेड. बल्लारपुरात लग्नाला घोडी पाहिजे असली तर बाहेरून आणावी लागते, आपणच ठेवू, असं म्हणत म्हणत एका हिवाळ्यात घोडेबाजारातून पांढरी घोडी घेऊन आला. घराच्या मागं बकऱ्यांचा गोठा रिकामा होता, त्यात बांधली. हौस त्याची अन् लीद माझी. सकाळी उठून आधी लीद काढायची, खाली अंथरलेला ओला तणीस बाहेर फेकायचा, मुरुमाची जमीन झाडून कोरडी करायची, मग चारा-पाणी, मग खरारा. पहिले काही दिवस मी रोज नवऱ्याच्या नावानं बोटं मोडली.

पण खोटं कायले सांगू, मला त्या जनावरात गोडी वाटायला लागली. किती गोष्टी होत्या तिच्यात ज्या गाईत नाहीत! उभ्याउभ्या झोपायची, आणि झोपताना एक मागचा पाय असा सैल सोडायची की जणू पानटपरीवर उभी आहे. ओठांनी हरभऱ्याचा एकेक दाणा वेचायची आणि खडा तेवढा बाजूला ठेवायची. तिच्या मनात काय चाललंय ते तोंडावर कधीच दिसत नसे, ते सगळं कानांत. कान पुढं, म्हणजे हे काय आहे? कान मागं चिकटले, म्हणजे बाई, सरक तिकडं. मी भाकरी थापता थापता खिडकीतून तिचे कान पाहत राहायची.

तिला शिकवलं ते आमच्या गल्लीतल्या चाचांनी. चाचांचा पूर्वी स्टेशनवर टांगा होता. टांगे गेले, चाचा राहिले. त्यांचं एकच सूत्र होतं. "बेटी, जनावराले बोली नाई समजत, कपडा समजते." म्हणून साज चढवायचा तो कामापुरताच. पाठीवर जरीची झूल, डोक्यावर कलगी, कपाळावर आरशांची पट्टी आणि शेवटी गळ्यात घुंगरांचा पट्टा. साज चढला की कोणी कितीही अंगाशी आलं तरी उभी राहायचं, लगाम ओढला तरच चालायचं. साज उतरवला की गुळाचा खडा आणि सुट्टी.

मग त्या साजात आम्ही तिच्यासमोर काय काय केलं नाही! मी परातीवर लाटणं बडवलं. चाचांनी मोबाईलवर बँड लावला. गल्लीतली लेकरं तिच्या पोटाखालून इकडून तिकडं गेली. नवऱ्यानं आधी लांब, मग जवळ फटाके लावले. घोडी ढिम्म! साज नसला की मात्र मांजर आलं तरी दचकायची. एकच जनावर, आणि दोन स्वभाव. मी चाचांना विचारलं, "काऊन असं?" ते म्हणाले, "तू बी तं विहारात जाताना पांढरं लुगडं नेसली की वेगळी चालते."

त्या मोसमात तिनं पुष्कळ नवरदेव वाहिले आणि ती सुटायला लागली. लोक वरातीत तिला बुंदी चारतात, जिलेबी चारतात, आम्हाला वाटलं त्यानंच अंग सुटलं. नवऱ्यानं तिचा हरभरा कमी केला. पोट काही कमी होईना. एक दिवस चाचांनी पोटाला हात लावला, तसाच ठेवला, आणि हसायला लागले. "बेटी, हे जिलेबी नोहे. हे लाथ मारून राह्यलं."

बाजारातून गाभणच घेऊन आला होता माझा शहाणा नवरा!

भादव्यातल्या एका सकाळी मी लीद काढायला गेले तर गोठ्यात दोन जनावरं. ओलं, काळपट, सगळे पायच पाय असलेलं शिंगरू तणसात उभं राहायची खटपट करत होतं. पडत होतं, उठत होतं. मी ओरडले, "आई, या व लवकर!" सासू धावत आली. आणि आम्ही दोघी हात जोडून उभ्या असताना शिंगरू कसंबसं उठलं, आईच्या कासेकडं गेलं, आणि घोडीनं कान मागं चिकटवून त्याला लाथ हाणली.

लागली नाही फारशी, पण ते कोलमडलं. पुन्हा उठलं, पुन्हा गेलं. तिनं दात दाखवले.

सासूला गाईंचं सगळं ठाऊक. तिनं शिंगराच्या पाठीला गूळ आणि मीठ चोळलं. पहिलटकरीण गाय अशी चाटायला लागते म्हणे. घोडीनं मीठ चाटलं, गूळ चाटला, आणि मग शिंगराला चावली. चाचांना बोलावलं, ते म्हणाले, "थोडा वेळ थांबा, घेते ते आपोआप." थांबलो. नाही घेतलं. नवरा ड्यूटीवर. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, ते कुठल्याशा गावात लसीकरणाला गेलेले. म्हणाले, दुपारनंतर येतो, पण तोवर पहिला चीक पोटात गेलाच पाहिजे. तो गेला नाही तर पिल्लू जगणं कठीण. हातानं काढून बाटलीनं पाजा.

हातानं काढायला मी वाकले, तर माझी बादली पार भिंतीवर जाऊन आदळली. पाय बांधायला चाचा गेले, तर ती अशी उसळली की बांधलेली असताना शिंगरावर पडेल की काय अशी भीती वाटली. उन्हं वर आली. शिंगरू आता उठायचं कमी झालं. मान टाकून पडायचं आणि मधेच हवेतच चुरूचुरू ओठ हलवायचं. ते पाहून मला रडू यायला लागलं. आणि मला रडू आलं की मी भांडायला लागते, हा माझा स्वभावच आहे. मी घोडीसमोर कमरेवर हात देऊन उभी राहिले आणि सुटले.

"लाज नाई वाटत व तुले? लोकांची दांडगी दांडगी पोरं पाठीवर घेऊन अख्खी वरात उभी राह्यते, अन् स्वतःच्या पोरासाठी दोन मिनिटं उभं नाई राहावत? नवरदेव पाह्यजे काय तुले? बँड लावू?"

बोलले आणि थांबले. चाचा माझ्याकडं पाहायला लागले, मी चाचांकडं.

"साज आण," चाचा म्हणाले.

पेटी उघडली. झूल टाकली, कलगी बांधली, आरसे बांधले. घुंगरांचा पट्टा गळ्यात पडला आणि मी डोळ्यांनी पाहिलं, घोडीचे कान हळूहळू सरळ झाले, मान वर झाली, चारही पाय जमिनीत रोवल्यासारखे. चाचांनी मोबाईलवर बँड लावला. सासूनं शिंगराला दोन्ही हातांनी आधार देऊन उभं केलं आणि कासेखाली नेलं. झुलीच्या जरीखाली ते पार दिसेनासं झालं, फक्त शेपूट बाहेर. मग ती शेपूट हलायला लागली. आणि बँडच्या मधून चुळूक चुळूक असा आवाज आला.

मी तिथंच तणसात बसले आणि पोटभर रडले.

डॉक्टर आले तेव्हा घोडी अजून नवरदेवाची वाट पाहत असल्यासारखी सजून उभी होती. त्यांनी शिंगराला तपासलं, ठीक आहे म्हणाले, आणि बराच वेळ हसले.

शिंगरू जगलं. पण मला चैन पडेना. कारण घोडी त्याला पाजायची, पण भिंतीकडं बघून. चाटायची नाही, हुंगायची नाही. घोडी शिंगराला बोलावते तेव्हा नाकातून एक हलका, घरघरता आवाज काढते असं चाचा सांगायचे. तो मी एकदाही ऐकला नाही. म्हणजे ही आई होती, की ड्यूटीवर होती? मी मग शोधच घ्यायला लागले. आधी कलगी काढून पाहिली, चाललं. आरसे काढले, चाललं. काही दिवसांनी झूल काढली, तरी चाललं. पण घुंगरांचा पट्टा काढला की कान मागं! लगेच पुन्हा बांधावा लागायचा. आवाज बंद की आईपण बंद. म्हणून तो पट्टा दिवसरात्र गळ्यातच राहिला.

एका संध्याकाळी गोठ्यात मी सासूजवळ कुरकुरले, "ही कशी माय व? पोटच्या पोराकडं पाह्यत बी नाई."

सासू डासांसाठी धूर करायला गोवऱ्या रचत होती. वर न बघता म्हणाली, "मले बी नाई वाटलं होतं काई."

"कोणाचं?"

"तुह्या नवऱ्याचं. झाला तवा सारं गाव भोवती उभं. सारे म्हणे, घे, पाज. म्हणून घेतला पदराखाली. मनात एकच, हे कोणाचं लेकरू माह्या मांडीवर टाकलं? लय दिवस तसंच. कोणाले सांगू? लोक म्हणतील, डाकीण आहे."

मी विचारलं, "मग?"

"मग एक दिवस ते बाजेवरून पडलं. अन् मी हातातलं पीठ तसंच टाकून धावली. तवा समजलं, अरे, आपलंच आहे हे." मग पुढची गोवरी रचत म्हणाली, "तिले घाई नोको करू."

तुळशीची लग्नं झाली आणि पहिलं काम आलं, तेही सासूच्या माहेरचं, पोंभुर्ण्याच्या बाजूला. शिंगरू अजून अंगावर पीत होतं, घरी ठेवता येईना. नवरा ड्यूटीवर होता, म्हणून भाड्याच्या पिकअपमध्ये मायलेकरांना घेतलं, मागं चाचा, पुढं आम्ही सासू-सुना. घोडीला पूर्ण साज चढवला. नवरदेव वर बसला. लगाम माझ्या हातात, आणि सासू शिंगराचा दोर धरून मांडवाच्या कडेला.

वरात मांडवासमोरच्या चौकात थांबली. पोरं नाचायला लागली, बँड रंगात आला. घोडी ढिम्म उभी, नेहमीसारखी. तेवढ्यात कोणीतरी फटाक्यांची लड पेटवली, ती नेमकी शिंगराच्या पायाशी. सासूच्या हातचा दोर सुटला. शिंगरू मंडपाच्या मागं पळालं आणि खिंकाळलं. बारीक, फाटका आवाज.

घोडीचे कान उभे राहिले. मी लगाम घट्ट धरला. चाचा लांबून ओरडले, "धरून ठेव!"

कसलं धरून! साज अंगावर असताना, बँड वाजत असताना ती चालायला लागली. पळाली नाही. सरळ नाचणाऱ्या पोरांमधून वाट काढत निघाली, मला ओढत, आणि वर नवरदेव आयाळ धरून "अगा, अगा" करतोय. माणसांच्या गर्दीत काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. मंडपामागं खुर्च्यांच्या ढिगाशी शिंगरू अडकून थरथरत उभं होतं. घोडी त्याच्याजवळ गेली, मान खाली घातली, आणि नाकातून तो आवाज काढला.

मी पहिल्यांदा ऐकला. हलका, घरघरता, पोटातून आलेला.

तिनं त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत हुंगलं. मग मागचा पाय जरा बाजूला घेऊन उभी राहिली, आणि शिंगरू झुलीखाली शिरलं. मी तिच्या गळ्यावर हात फिरवला. घुंगरांचा पट्टा तिथं नव्हता.

मागून सगळी वरात धावत आली. चाचांचं तोंड पडलं होतं. "बेटी, शिकवलेलं सारं गेलं." नवरदेवाचा मामा लाल होऊन, "घोडी चालवा ना, मुहूर्त होऊन राह्यला!" आणि वर बसलेला नवरदेव फेटा सावरत विचारतोय, "काय झालं? काऊन थांबली?"

सासू धापा टाकत पोचली. हातात तुटलेला घुंगरांचा पट्टा होता, रस्त्यातून उचलून आणलेला. तिनं घोडीकडं पाहिलं, शिंगराच्या हलणाऱ्या शेपटीकडं पाहिलं, आणि तो पट्टा माझ्या हातात दिला.

"चूप बस थोडा वेळ," ती नवरदेवाला म्हणाली. "तिचं लेकरू पिऊन राह्यलं."