अर्धी देवाची

मेची बारा तारीख. कुरडयांचा चीक गॅसवर होता. चीक शिजताना हात थांबला की गाठी होतात, त्यामुळे बाहेरच्या खोलीत लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी काय बोलत होत्या ते सगळं मला उभ्या उभ्या ऐकावं लागलं.

सुट्टीत त्यांनी एक खेळ धरला होता. प्रत्येकीनं एक पात्र व्हायचं, फासे टाकायचे आणि एकीनं गोष्ट पुढं न्यायची. लेक अर्धदेव झाली होती. आई माणूस, बाप देव. गोष्ट सांगणारी मैत्रीण तिला नियम समजावत होती. अर्धदेवाची जखम लवकर भरते, पण मरण चुकत नाही. देव त्याला आपल्यात बसवत नाहीत आणि माणसांत त्याचं मन लागत नाही. शिवाय देव कधीही येऊन आपलं लेकरू मागू शकतो. सांभाळणाऱ्यांना नाही म्हणता येत नाही.

"हिला काय पात्र घ्यायची गरज न्हाई," दुसरी म्हणाली. "ही नवसाचीच हाय. अर्धी देवाची."

दोघी हसल्या. माझा हात थांबला आणि चीक तळाला लागला.

नवसाची, हे आम्हीच पसरवलेलं. ती माझ्या नणंदेच्या पोटची. नणंदेच्या पदरात आधीच दोन लेकरं, मला एकही नाही. बारशाआधीच तिला पूर्णेहून आणलं, दत्तकाचे कागद केले. त्याच वर्षी परभणीला घर बदललं. नव्या गल्लीत विचारलं की सांगायचो, खंडोबानं दिली. नवसाच्या लेकराबद्दल आमच्याकडं पुढं कुणी खोदून विचारत नाही. लेकीलाही तेच सांगितलं. बारावी होऊ दे मग बघू, असं नवरा म्हणायचा. त्याआधी तो दहावी होऊ दे म्हणायचा.

लेक हसली नव्हती. देवानं दिलेलं लेकरू आणि देवाचं लेकरू यात फरक काय, असं तिनं विचारलं. मग ती उठून स्वयंपाकघराच्या दारात आली.

"मम्मी, मी पोटात असताना तुला काय खाऊ वाटायचं?"

"चिंचा."

"तुला तर आंबट सोसत न्हाई."

"तेव्हा सोसायचं."

ती कपाळाला आठी घालून बघत राहिली. नणंद अशीच बघते. मग "बरं" म्हणून गेली. फासे तिच्याकडं आल्यावर तिनं ते टाकले नाहीत. आपलं पात्र घर सोडून बापाला शोधायला निघालंय, म्हणाली.

"देवाला?" मैत्रिणीनं विचारलं.

"जो कोण असंल त्याला."

आता ती विचारत सुटणार, आणि उत्तर माझ्या आधी दुसरं कुणीतरी देणार. दुपारी ती झोपल्यावर मी गच्चीवरून नणंदेला फोन लावला.

"वहिनी, तुमीच सांगा तिला," ती म्हणाली. "पण ती इथंच राहते म्हणली, तर मी काय म्हणू?"

मी फोन ठेवला.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो नको म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा डबा भरून दिला आणि लेकीला घेऊन पूर्णेच्या बसमध्ये बसले. ताडकळसला बरीच माणसं उतरली. मागचंपुढचं बाक रिकामं झालं, तेव्हा मी तिला सांगितलं.