शेवटची खूण

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे.

हडपसरला एका लहान कंपनीत मी प्रोग्रॅमर होतो, तेव्हाची गोष्ट. परदेशातले डॉक्टर रुग्णांविषयी बोलून ठेवत, आमच्याकडच्या मुली ते ऐकून टाइप करत. दुपारी खिडकीबाहेरचा रस्ता उन्हात तरंगायचा, कीबोर्डचे आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखे वाटायचे... त्या गुंगीतच मी पर्ल नावाच्या संगणकभाषेत छोटे प्रोग्रॅम लिहायचो.

पर्लमधली दोन टिंबं मला फार आवडायची. आकड्यांमध्ये ठेवली, की एकपासून दहापर्यंत सगळे आकडे हजर. आणि दोन खुणांमध्ये ठेवली तर? सुरुवातीची खूण दिसली की ती जागी होतात, शेवटची दिसेपर्यंत प्रत्येक ओळ उचलत राहतात. मुली प्रत्येक अहवालाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक खूण टाकत; एकेका रुग्णाचा अहवाल मी तसाच वेगळा काढायचो. मी त्या टिंबांच्या प्रेमातच होतो म्हणा ना.

शबाना तिथं टाइप करायची, कॅम्पातून यायची. तिनं एकदा विचारलं – डॉक्टरांचं बोलणं मध्येच तुटलं, तर शेवटची खूण टाकायची का? चहाचा कप हातात धरून मी ऐटीत सांगितलं, गरज नाही, फाइल संपली की संपलं.

संपत नाही. शेवटची खूण दिसली नाही, तर फाइल बदलली तरी ती टिंबं झोपत नाहीत, पुढच्या ओळी उचलतच राहतात. तिच्या एका अर्धवट फाइलनंतर पुढच्या रुग्णाचा मजकूर आधीच्याच्या अहवालात गेला, तसाच परदेशी पोचला. साहेबांनी शबानाची फाइल उघडली – शेवटची खूण नव्हती. शबानानं माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन, असं तिला वाटलं असावं. आणि मी? मी स्क्रीनकडे पाहत राहिलो.

चूक कुठे आहे, ते मला तेव्हाच कळलं होतं. 'किंवा फाइल संपली' एवढी अट मी नंतर गुपचूप जोडली. शबानाला कायम करायचं चाललं होतं, त्याऐवजी काढून टाकलं. मी बोललो असतो तर काय झालं असतं? फार तर बोलणी बसली असती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. भित्रा होतो, दुसरं काही नाही.

अजूनही दुपारी डोळा लागला की त्या ओळी दिसतात – एकाच्या आजारात दुसऱ्याचा मिसळत चाललेला...

त्या शेवटच्या दिवशी जाताना शबाना माझ्या टेबलाशी आली.

"माझ्याच समजण्यात चूक झाली असेल, सर. माझ्यामुळे तुमच्या कामाला नाव ठेवलं गेलं."

मी मान डोलावली. मोठ्या मनानं म्हणालो, "असू दे. होतं असं."