ताडपत्रीचं जहाज

बाळांनो, तुमच्या आईनं पाठवलेला वाढदिवसाचा फोटो मी चष्मा पुसून पाहिला. दोघंही समुद्री चाचे झाला आहात. डोक्याला काळा रुमाल, कमरेला पुठ्ठ्याची तलवार, एका डोळ्यावर पट्टी. छान दिसता. फक्त एक सांगते, चाच्याला दोन्ही डोळे लागत. माल कुठल्या गलबतावर आहे आणि तोफा कुठल्या, हे ओळखण्यावर त्याचं पोट होतं. पट्टी असायची ती पुढे त्याचा इतिहास लिहिणाऱ्याच्या डोळ्यावर.

धाकटीनं फोनवर विचारलं होतं, "आजी, तुमच्याकडे पण पायरेट्स असतात?" मी म्हटलं, आमच्या घाटावरच्या कर्जत तालुक्यात प्यायला पाणी पुरत नाही, समुद्र कुठून आणू? तेव्हा सगळे हसलात. पण मागच्या हिवाळ्यात आमच्या गावात एक जहाज आलं होतं, ते सांगायचं राहिलं.

इथल्या इंग्रजी शाळेत माझी एक जुनी विद्यार्थिनी शिकवते. वर्षानुवर्षं तात्पुरती. शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांनी तिला सांगितलं होतं, गॅदरिंगचं नाटक झकास झालं की कायमची ऑर्डर देतो. शिक्षिका कायम करायची की नाही हे नाटकावर का ठरावं, असं विचारायचं नसतं. ती माझ्याकडे आली.

"बाई, इंग्रजी नाटक हवंय. ऐतिहासिक. आणि पालकांना कळलं पण पाहिजे."

"मग मुकं नाटक बसव."

"चेष्टा नको बाई. ह्यांचं काम सुटलंय. घर माझ्या पगारावर चाललंय. ही ऑर्डर हुकली तर मी कुठं जाऊ?"

मी कागद घेतला.

कोकण किनाऱ्याजवळून इंग्रजांच्या कंपनीचं एक व्यापारी जहाज चाललंय आणि आपलं आरमार त्याला अडवतं, अशी गोष्ट मी लिहिली. त्या काळी समुद्रावर जो तो दुसऱ्याला परवाना मागायचा. पोर्तुगीज मागायचे, कंपनीवाले मागायचे, आपलं आरमारही मागायचं. माझा परवाना घे, नाहीतर माल उतरव. घेतला तर तू व्यापारी, नाही घेतला तर तू चाचा. आणि परवाना देणारा कोण? ज्याच्याकडे तोफा जास्त तो. सातासमुद्रापलीकडून येऊन दुसऱ्याच्या दारात जकातनाकं बसवणाऱ्यांनी दारवाल्यालाच चाचा म्हटलं, आणि तुमच्या शाळेतल्या पुस्तकात अजून तसंच छापलेलं असेल, म्हणून हे जरा सविस्तर सांगितलं. नाटकात कंपनीचा कप्तान आपल्या एका होडीवाल्याला परवाना मागतो, तो प्रवेश मी मुद्दाम मराठीत ठेवला, पालकांना कळावा म्हणून.

पहिली अडचण पात्रांची. सगळ्यांना मराठे सरदार व्हायचं होतं. फेटे घरी तयार होते. एक पालक शाळेत येऊन बसले. "आमचं पोरगं इंग्रज हुनार न्हाई. मला भावकीत तोंड दाखवायचं हाय." त्यामुळे आरमार भरून वाहत होतं आणि लुटायला कोणी नव्हतं. शेवटी कंपनीचा कप्तान व्हायला एक मुलगी तयार झाली, कारण कप्तानाचा पोशाख आम्ही लग्नाच्या बँडवाल्याकडून आणला होता. लाल कोट, सोनेरी झालर, तुरा लावलेली टोपी. तिची आई आमच्या आठवडी बाजारात भाजी विकते. पोरगी म्हणाली, "इंग्रज तर इंग्रज. कोट लई भारी हाय."

जहाज उसाच्या ट्रॉलीचं. बांबूचा डोलकाठी म्हणून उपयोग केला, कांद्यावर टाकायच्या ताडपत्रीचं शीड आणि बोअरच्या पाइपांच्या तोफा. ट्रॉली मैदानात आणून उभी केली, भोवती निळ्या साड्या पसरल्या, त्यांवर आरमाराच्या पुठ्ठ्याच्या होड्या. समुद्र न पाहिलेल्या गावानं बांधलेलं जहाज म्हणून ते मला फार आवडलं.

दुसरी अडचण मुख्याध्यापकांची. तालीम पाहून त्यांनी माझ्या विद्यार्थिनीला बाजूला घेतलं. "मॅडम, तो परवान्याचा प्रवेश काढा. साहेबांना लागेल."

का लागेल, ते सांगायला हवं. आमच्या आठवडी बाजाराच्या तोंडाशी अध्यक्षांचा पुतण्या खुर्ची टाकून बसतो. टेम्पो आत शिरायच्या आधी पावती. टेम्पो रिकामा असला तरी पावती. कशाची, हे कोणी विचारत नाही, कारण खुर्चीच्या मागे आणखी चौघे उभे असतात.

मी तो प्रवेश लाल शाईनं खोडला. इतिहास नंतरही सांगता येतो, तिचा पगार महिन्याला लागतो. त्याऐवजी मोठी तलवारबाजी घातली. तलवारबाजी कोणालाच लागत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी अध्यक्ष आले नाहीत. ऊन उतरायला लागलं, पोरं फेट्यांखाली घामाघूम झाली, तेव्हा नाटक सुरू करून टाकलं. आरमारानं जहाजाला वेढा घातला, आता उडी मारून चढाई करणार, तेवढ्यात गाड्यांचे हॉर्न वाजले. साहेब आले. आपल्याकडे पाहुणा आला की काय चाललंय ते थांबवून सत्कार करतात. पण व्यासपीठ कुठं होतं? सगळी उंच जागा जहाजानं व्यापलेली. मग मुख्याध्यापकांनी अध्यक्षांना हाताला धरून जहाजावरच चढवलं. शाल, श्रीफळ, हार झाला. खुर्ची आली. साहेब ऐसपैस बसले आणि म्हणाले, "चालू द्या, चालू द्या."

आता त्यांना उतरा म्हणणार कोण? खुर्चीमुळे ट्रॉलीत तलवार फिरवायला जागा उरली नाही. सरदार खाली तलवारी उपसून उभे, आणि वर कंपनीच्या जहाजावर हार घालून आमचे अध्यक्ष. कोणालाच पुढचं सुचेना. त्या कप्तान मुलीनं इकडे तिकडे पाहिलं. जागा न लागणारा एकच प्रवेश तिला पाठ होता, तो खोडलेला. ती खुर्चीशेजारी उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि खालच्या होडीवर ओरडली, "ए, थांब! परवाना हाय का?"

"कशाचा परवाना?" होडीतला मुलगा म्हणाला.

पुढचं वाक्य माझं नव्हतं. ते तिनं दर बाजाराला आईच्या पाटीशेजारी बसून ऐकलेलं होतं. "कशाचा ते इचारायचं न्हाई. पावती फाड, न्हाईतर माल उतरव!"

मग मागच्या रांगेतून एक बाई फसकन हसली आणि पाठोपाठ सगळा गाव. टेम्पोवाले शिट्ट्या मारायला लागले. "फाड, फाड! रिकाम्या होडीची पन फाड!"

माझी विद्यार्थिनी ट्रॉलीमागे माझा हात घट्ट धरून उभी होती. "बाई, गेली माझी ऑर्डर."

मीही तेच समजले होते. पण अध्यक्ष उठले, हात हलवून लोकांना नमस्कार केला आणि माइक मागून घेतला. आमच्या गावात लोक एवढे खुश त्यांनी कधी पाहिले नसावेत. "इंग्रजांनी आपल्याला असंच लुटलं," ते म्हणाले. "काही न देता नुसत्या पावत्या फाडल्या! हा इतिहास मुलांना कळला पाहिजे." टाळ्या थांबेनात. पुतण्याही टाळ्या वाजवत होता. मग साहेबांनी कप्तानाची तुऱ्याची टोपी मागून घेतली, डोक्यावर चढवली आणि शिडाला टेकून फोटो काढून घेतला. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं.

तिला ऑर्डर मिळाली. पेढे घेऊन आली होती. तो फोटो आता बाजाराच्या तोंडाशी, पुतण्याच्या खुर्चीच्या बरोबर वर, मोठ्या फ्लेक्सवर लागला आहे. लाल कोट नाही, पण टोपी आहे, तुरा आहे, खाली अभिनंदनाचा मजकूर. माळावरचा वारा सुटला की फ्लेक्स शिडासारखा फुगतो आणि ते चौघे दोऱ्या ओढून धरतात. भाजीवाल्या आता पुतण्याला कप्तान म्हणतात. "या कप्तान, फाडा." त्याला तो मान वाटतो. पैसे मात्र तेवढेच घेतो.

माझी विद्यार्थिनी रोज तिथूनच स्कूटीवर शाळेत जाते. मी विचारलं, "फ्लेक्स पाहतेस की नाही?"

"नाही बाई. हसू येतं. आणि मी कायम झालेय, पण हसण्याएवढी कायम अजून झाले नाही."